मोरपिसाची माशी

समईच्या वाती वळताना बोटांना राख लागली की मला दिग्रसजवळचा तो सरकारी बंगला आठवतो. आमचे हे तिथं रोजंदारीवर चौकीदार होते. तिथले साहेब गळावर मोरपीस गुंडाळून खोटी माशी करायचे आणि तिनं मासे धरायचे. एका दुपारी गळ धुताना त्यांची शेवटची माशी यांच्या हातून नदीत गेली. चार वाजता साहेब नदीवर निघणार होते. उरला होता मोरपिसाचा एवढासा तुकडा आणि एक कोरा गळ. यांचे हात गाडीवर कापसाची बोंदरी, मोठाली गाठोडी, आवळणारे. पिसाचा धागा दुसऱ्या वेढ्याला तुटायचा. "पुन्हा तुटलं," हे म्हणाले, "आता चारच धागे राह्यले. उद्यापासून कामावर कोन ठेवते मले?" घाम त्यांच्या नाकावरून गळावर टपकत होता. मी म्हटलं, "बोंदरी बांधून राह्यले काय तुमी? आना इकडे." चुलीतली राख बोटांना लावली, चारही धागे शिवणाच्या दोऱ्याबरोबर वातीसारखे पिळले आणि श्वास धरून गळाला वेढे दिले. पीळ टिकला. साहेबांनी माशी डोळ्यांजवळ नेली. "कोणी केली?" यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "म्या केली, साहेब." मी दारात राखेचे हात पदराखाली घेतले. "छान. दर शनिवारी चार करून ठेवत जा." सहा वर्षं मी त्या करून ठेवल्या. आता हे नाहीत, साहेब नाहीत, पण वाती वळताना दारात कोणी आलं की माझे हात अजून पदराखाली जातात.