चिकाविना खर्वस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, खर्वसाचं ते काय एवढं? मलाही तेव्हा असंच वाटलं होतं.

आम्ही घणसोलीत राहतो. सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, इथे म्हशी होत्या. निलेश, माझा नवरा, अगदी लहान असताना गोठा मोडला आणि त्या जागी आमची बिल्डिंग आली. शेवटच्या आजारात बाबांना अन्न जाईना. त्यांनी एकच मागितलं — खर्वस. तोही चिकाचा, म्हैस व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाचा.

महाप्याला माझ्या ऑफिसात एक बाई होती, तिचा तळोज्याकडे गोठा. रविवारी येऊन चीक घेऊन जा, म्हणाली होती. मी गेले नाही. का? — झोप. आठवडाभर राबले होते, एवढंच. दुपारी उठून कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडला, त्यात दूध आणि आंबट नसलेलं दही घुसळलं, जायफळ घातलं आणि उकडून घेतलं. थरथरत्या वड्या पडल्या. दिसायला हुबेहूब.

चीक तिच्याकडचाच, असं सांगितलं. बाबांच्या तोंडाची चव गेलेली. दोन वड्या खाल्ल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, म्हशीचं भलं होवो," म्हणाले.

तेव्हा बोलायला हवं होतं ना? — चार दिवसांनी ते गेले.

आणि मी अडकले. दर पितृपक्षात बाबांच्या पानावर तोच खर्वस. निलेश सगळ्यांना सांगतो, बाबांनी शेवटचं गोड खाल्लं ते हिच्या हातचं. सांगताना त्याचा आवाज भरून येतो, आणि मी पोळ्या वाढायला आत जाते. खोट्याचे पाय लुळे म्हणतात. माझं खोटं सात वर्षं चाललंय, कुठे लुळं?

यंदा निलेशने न सांगता बाबांचे जुने सोबती, बाळूकाका, यांच्याकडून चीक आणला. घट्ट, पिवळसर, किटलीभर. मी किटलीचं झाकण पुन्हा लावलं. याचा खर्वस केला तर पहिल्याच घासाला कळेल की आधीचा हा नव्हताच. मग आधीचा काय होता? — मी काय उत्तर देणार होते?

निलेश अंघोळीला गेला. मी चीक सिंकमध्ये ओतला, मागून नळ सोडला. नासला होता, सांगितलं. डबा फोडला. बाबांच्या पानावर पुन्हा तेच ठेवलं, हात जोडले.

निलेशने काकांना फोन केला. वडिलांच्या पानासाठी मागितला आणि तुम्ही शिळा दिलात, असं बरंच बोलला. म्हाताऱ्या माणसाला. मी शेजारीच कोथिंबीर निवडत होते. एक शब्द काढला असता तर थांबला असता. नाही काढला.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः आले. निलेश घरी नव्हता. पुन्हा किटली, रेडकाच्या वाटचा राखून आणलेला चीक. दारातच उभे राहिले, पाणीही घेतलं नाही.

"माज्याकडनं असं कदी झालं नाय," म्हणाले. "पन झालं असंल. माफ कर, सूनबाय."

मी म्हणाले, असू दे काका.

ते लिफ्टने खाली पोचायच्या आत तोही चीक मी ओतून टाकला होता.