चाचांची पाठीमागची बटणं

लेकराला स्वतःचं काही करता येऊ नये म्हणून आमच्या शेजारच्या टेलरचाचांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी अख्ख्या वाईत कुणी घेतली नसेल. मुलगी-जावई पुण्यात नोकरीला, म्हणून नात वर्षाची असल्यापासून चाचांकडे. ती चार वर्षांची झाली तरी केळं ते सोलणार, घास ते भरवणार, आणि तिला शिंक आली तर रुमाल आधी चाचांच्या हातात! बालवाडी चार घरं पलीकडे, तरी स्वारी त्यांच्या खांद्यावर. "तिला पाय कशाला दिलेत मग?" मी एकदा विचारलं. "माझं दोन हायेत की. तवर वापरू दे," म्हणाले.

कहर होता तो फ्रॉकांचा. सगळे फ्रॉक चाचा स्वतः शिवत आणि झाडून सगळी बटणं पाठीवर लावत. काजं इतकी घट्ट, की मोठ्या माणसाचीही नखं दुखावीत. बालवाडीच्या बाई वैतागल्या. "आवं चाचा, तिचं तिला घालता येईल असं पुढून शिवा की!" चाचांनी मशीनवरून मानही उचलली नाही. "तिचं तिला आलं, तर मला हाक कोण मारंल, बाई?" बाई हसल्या, मीही हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

कारण स्वतःची लेक चाचांनी अगदी उलटी वाढवली होती. बायको लवकर गेलेली, दिवसभर मशीन. ती पोर चौथ्या वर्षीच आपली वेणी आपण घाली. शिकली, पुण्याला गेली, आणि तिला बापाची कशासाठीच गरज उरली नाही. फोन यायचा तो महिन्यातून एकदा, "बरं आहे ना?" एवढ्यापुरता.

एप्रिलात तिचा वेगळा फोन आला. जूनपासून नात पुण्याच्या शाळेत. तिथं जेवण, कपडे, सगळं मुलांनी आपलं आपण करायचं. चाचांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळे फ्रॉक उसवून बसले आणि पुढून मोठाली बटणं लावली, सैल काजांची. मग नातीला समोर बसवलं. ती रडकुंडीला आली की ते भिंतीकडे बघत, पण हात लावत नसत.

"आठ दिवसांत समदं शिकली रं," एका दुपारी ते मला म्हणाले. "लय हुशार हाय. मीच अडवून धरलं व्हतं गड्या, तीन वर्सं."

न्यायला लेक आली त्या दिवशी मीही स्टँडवर गेलो. चाचा नातीला उचलायला वाकले, तर "मी चढती, नाना," म्हणत ती एस.टी.च्या पायऱ्या चढूनही गेली. गाडी सुटली. "ईदला येईल की, चाचा," मी म्हणालो.

"यील की," ते म्हणाले. "पाव्हणी म्हणून यील."