ताकही फुंकून

इस्पितळाच्या धोबीखान्यात सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत. फ्रिजमधून काढलेल्या पाण्यावरसुद्धा काका फुंकर घालत. मग कोणीतरी हमखास म्हणे, "काका, सांभाळून हो, बर्फ आहे, पोळाल." काकाही हसत. एखादा फार जपून वागला की आपण सहज बोलून जातो, हा ताकही फुंकून पितो. त्या बोलण्यामागे एक पोळलेलं तोंड असतं. ते कधी, कशानं पोळलं, याची चौकशी कोणी करत नाही. काकांच्या बाबतीत तर ते तोंड त्यांचं नव्हतंच.

वाफेच्या इस्त्रीखालून दिवसभर चादरी ओढून काकांचे हात इतके निबर झाले होते की कढत पाण्यातला कपडा ते नुसत्या हातानं काढत. तरुणपणी त्याचा त्यांना तोराही होता. एका संध्याकाळी बायको शेजारी गेली होती आणि दीड वर्षाची लेक भुकेनं रडत होती. काकांनी दूध तापवलं, बोट बुडवून पाहिलं. बोटाला कोमट लागलं. त्यांनी वाटी तिच्या तोंडाला लावली.

लेकीच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत गेलेला वण तेव्हाचा. त्यानंतर काकांनी वाटी हातात घेतली की बायको ती गुपचूप काढून घेई. काकांनीही पुन्हा कुठल्या मुलाला घास भरवला नाही.

पुढे लेकीचं लग्न झालं, बायको गेली, घरात नातू आला. आजोबा त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरवत, पण त्याच्या खाण्यापिण्याची वेळ झाली की काहीतरी काम काढून उठत. लेकीच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. जावयाला दूरदेशी नोकरी लागली. तिघं निघायच्या दुपारी तिनं नातवाला त्यांच्या मांडीवर बसवलं आणि वाटी-चमचा पुढे ठेवला.

"आज तुम्ही पाजा, बाबा. पुन्हा कधी येणं होईल, कोण जाणे."

काकांनी चमचा भरला, फुंकर घातली, ओठाला लावून पाहिला आणि परत वाटीत ओतला. पुन्हा भरला. नातवानं आ वासून वाट पाहिली. मग त्याला आजोबांची गंमत वाटली आणि तोही गाल फुगवून फुंकू लागला. जावई एकेक बॅग खाली नेऊन ठेवत होता. काका फुंकतच होते.

लेक जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाबा, मला आता दुखत नाही हो."

त्यांनी मान हलवली. चमचा नातवाच्या ओठांपाशी नेला, आणि हात तिथेच अडला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. फुंकून फुंकून दमलेलं पोर एव्हाना पेंगत होतं. लेकीनं त्याला उचललं, बाबांच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं. वाटेत पाजते मी, म्हणाली.

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली. वाटी काकांच्या हातातच होती. आता ती काढून घ्यायला कोणी नव्हतं. त्यांनी दुधात बोट बुडवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. दूध ऊन आहे की गार, बोटाला अजूनही कळत नव्हतं.