मिनीला लेखक लागत नाही!

सिरीयलच्या सेटवर आठ दिवस काढलेल्या माणसाकडेही सांगण्यासारखं काहीतरी असतंच. मी तर अडीच वर्षं काढली. सिरीयल रत्नागिरीजवळच्या एका आंब्याच्या बागेत शूट व्हायची, चॅनेल मुंबईत बसायचं आणि दोघांच्या मध्ये आम्ही लेखक. त्यात चॅनेलने मोबाइलसाठी मिनी-एपिसोड काढले. एक मिनी तीन मिनिटांचा, आणि त्याच्या पैशांवरून झालेलं भांडण चार महिन्यांचं! आता मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "मास्तर, तो उपासाचा सांगा ना!" आणि मग एकावर थांबणं माझ्याच्याने होत नाही.

आधी माणसं सांगतो. नंदाताई पटकथा लिहायच्या. मूळच्या सावर्ड्याच्या, वीस वर्षं या धंद्यात मुरलेल्या. मी संवाद लिहायचो. त्याआधी रत्नागिरीत दहावीचे क्लासेस घ्यायचो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. साळवी प्रॉडक्शन सांभाळायचे, म्हणजे पैसा कुठे जातो ते बघायचे आणि शक्यतो जाऊ द्यायचे नाहीत. आणि चॅनेलचा मिहीर. वय तिशीच्या आत, बोलायला गोड, हुद्दा क्रिएटिव्ह हेड.

* * *

बागेत मोबाइलला रेंज नव्हती. मिहीरचा व्हिडिओ कॉल असला की मी आणि नंदाताई पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून वर सड्यावर जायचो. सगळा उघडा कातळ, एक काजूचं झाड आणि भणाणणारा वारा. नंदाताई एका हाताने फोन धरायच्या, दुसऱ्या हाताने पदर.

पहिल्या कॉलला मिहीर म्हणाला, "ताई, टीव्हीवर रोजचा एपिसोड आहेच. पण ॲपसाठी आठवड्याला दोन मिनी करूया. तीन-तीन मिनिटांचे. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ!"

"मानधन?" नंदाताईंनी विचारलं.

"ताई, हा एपिसोड कुठे आहे? हे प्रमोशन आहे. प्रमोशनचे वेगळे पैसे नसतात."

"कॅमेरामनला?"

"त्याला द्यावे लागतात."

"नटांना?"

"त्यांचा दिवस भरतो ना, ताई."

"मग फुकट नक्की कोण करणार आहे?"

"हॅलो? हॅलो? ताई, तुमच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम दिसतोय!"

आमच्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या! पुढे चार महिने हाच अनुभव. कथेवर मिहीर तासभर बोलायचा, मानधनाचा 'मा' काढला की मुंबईची रेंज जायची.

तरी आम्ही लिहायला लागलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. क्लासेस बंद केले होते, मुलगी पुण्याला शिकत होती, आणि नाही म्हटलं तर अख्खी सिरीयल हातची जाईल असं वाटायचं. आमच्या मागण्या दोनच होत्या. प्रत्येक मिनीचे पैसे, आणि मिनीखाली लेखकांची नावं. पैशांवरून मी जास्त चिडायचो. नंदाताईंना नावाचं लागायचं. मिनीखाली साडीच्या दुकानाचं नाव यायचं, दागिनेवाल्याचं यायचं, लिहिणारीचं नाही. त्या तसं बोलून दाखवायच्या नाहीत, पण प्रत्येक नवा मिनी आला की शेवटपर्यंत बघायच्या आणि फोन पालथा ठेवायच्या.

* * *

मिनी मोबाइलवर बघायचे, म्हणून चौकट उभी. आता उभ्या चौकटीत दोन माणसं मावतात कशी? एकमेकांना चिकटून!

आमच्या कथेत सासू-सुनेने सहा महिने एकमेकींशी अबोला धरलेला. टीव्हीवर एक या दारात उभी, दुसरी त्या दारात. मिनीत ते जमेना. दिग्दर्शक म्हणाला, "जवळ या. अजून जवळ. ताई, सुनेच्या खांद्याला खांदा लावा आणि तोंड फिरवा."

सासूचं काम करणाऱ्या शैलाताई पन्नाशीच्या, नाटकात मुरलेल्या. पाच टेक झाले. सहाव्याला त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, इतक्या जवळून मी कधी नवऱ्याशीसुद्धा भांडले नाही!"

* * *

नाव नसल्याचा त्रास माझ्या घरीही पोचला. बायकोने एकदा कौतुकाने शेजारच्या काकूंना मिनी दाखवला. काकूंनी तीनही मिनिटं चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "यात तुमचे हे कुठे दिसले नाहीत ते?"

बायको म्हणाली, "दिसत नाहीत हो. पण त्या सासूबाई बोलतात ना, ते सगळं ह्यांचंच."

काकूंनी मिनी पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाल्या, "आवाज चांगला काढतात हो बाईचा!"

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर जाऊन काय सांगणार?

* * *

बाग आणि घर बापूंचं. सत्तरीचे गृहस्थ, कलमांचं सगळं स्वतः बघणारे. मिनी सुरू झाल्यावर साळवींनी त्यांना ऐकवलं, "बापू, हे मिनी आहे, याचं भाडं धरायचं नाही."

बापू म्हणाले, "मिनी तुमच्या मोबाइलात. माझ्या अंगणात माणसं तेवढीच येतात ना? गाड्या तेवढ्याच लागतात ना? मग भाडं मिनी कशाला?"

दोन दिवसांनी बापूंना पैसे मिळाले. पूर्ण! आम्ही सहा आठवडे ईमेल लिहीत होतो, एकाचं उत्तर नव्हतं. मी धावतच बापूंकडे गेलो. "बापू, तुम्ही काय लिहून दिलंत त्यांना?"

"मी कशाला लिहीन? आमच्या मोठ्या सुनेने गेटाला कुलूप लावलंन नि ती गेली राजापूरला माहेरी. चावी घेऊन!"

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. लेखकाला कुलूप लावायला गेटसुद्धा नसतं.

* * *

तेव्हा नंदाताईंनी एक डाव टाकला. म्हणाल्या, "मास्तर, आपण शब्दांचे पैसे मागतो ना? मग या वेळी शब्दच द्यायचे नाहीत. बघू काय करतात ते!"

त्यांनी कागदावर एकच ओळ लिहिली. 'सासू बांगडे साफ करते. राग.' बस्स. आम्हाला वाटलं, साळवी डोक्याला हात लावतील, मिहीर गयावया करेल.

शैलाताई पाटावर बसल्या, पुढे बांगड्यांची टोपली, आणि त्यांनी सुनेवरचा राग बांगड्यांवर काढत तीन मिनिटं एक अक्षर न बोलता मासे साफ केले. आमचा आजवरचा सगळ्यात गाजलेला मिनी! लोकांनी एकमेकांना पाठवला. किनाऱ्यावरच्या नाटे गावातल्या एका बाईने खाली लिहिलं, 'बाई, काम छान करता, पण बांगडा असा कापत नाहीत. नाट्याला या, मी शिकवते.' शैलाताई सुट्टीच्या दिवशी खरंच जाऊन शिकून आल्या.

आणि सड्यावर मिहीरचा फोन आला, आनंदाने फुललेला. "ताई, बघितलंत? मिनीला लेखक लागतच नाही!"

नंदाताई फोन बंद करून तडक सड्यावरून उतरल्या. खाली आल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मिनी बंद."

* * *

टीव्हीचे एपिसोड आम्ही लिहीत होतो, मिनी नाही. बावीस लिहून झाले होते, तेविसावा साळवींनी स्वतः लिहायला घेतला. "त्यात काय आहे? रोज बघतो की!"

माणूस हुशार, पण जन्म खर्च कापण्यात गेलेला. त्यांच्या मिनीत पाहुणा दारापर्यंत यायचा नाही, फोन करायचा. कारण पाहुणा आला की एक नट वाढतो. सगळी मंडळी एकाच खोलीत, कारण दुसरीकडे लाइट हलवावे लागतात. साड्या त्याच. आणि कोणी जेवायला बसलं की सासू म्हणायची, "आज उपास आहे."

ओळीने चार मिनी, चारही उपासाचे!

राजापूरहून माझ्या मावशीचा फोन आला. "काय रे, त्या घरात उपास कसला चाललाय? सोमवार झाला, गुरुवार झाला, संपतच नाही! पोर पोटुशी आहे नि सासूने तिला उपाशी ठेवलीन! तू लिहितोस ना रे हे? लाज नाही वाटत?"

म्हणजे नाव नसलं तरी शिव्या बरोबर पत्त्यावर पोचल्या!

मी साळवींना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, जेवणाचा सीन घेतला की खरं जेवण लागतं. आणि पाच टेक झाले की पाच वेळा लागतं!"

लोकांनी मात्र मिनी बघणं सोडलं. खाली नुसते सुनेला जेवायला घालण्याचे निरोप. एका आजींनी तर डिंकाच्या लाडवांचं प्रमाण लिहून पाठवलं.

* * *

शेवटी मिहीर स्वतः रत्नागिरीला आला. बापूंच्या पडवीत बैठक झाली. तो, नंदाताई, मी आणि साळवी. सूनबाईंनी कोकम सरबत दिलं.

मिहीर म्हणाला, "ताई, सहीचा अधिकार घेऊनच आलोय. यापुढच्या मिनीचे पैसे देऊ. पण मागचे बावीस आम्ही खुशीने, प्रमोशन म्हणून केले, असं तुम्ही लिहून द्यायचं. नावाचं पुढे कधीतरी बघू."

मी नंदाताईंकडे बघितलं. बावीस मिनींची मेहनत पाण्यात. पण नाही म्हटलं तर यापुढचंही जाणार होतं. मुलीची फी डोळ्यांपुढे दिसत होती. मी हळूच म्हणालो, "ताई, घेऊया का?"

नंदाताई म्हणाल्या, "कागद कुठे आहे?"

मिहीरने कागद काढला, वाचला आणि तोंड वाकडं केलं. "लीगलवाल्यांनी फारच रुक्ष लिहिलंय. ताई, तुम्ही जरा छान करून द्याल? तुमचा हात आहे ना!"

आमचीच शरणागती, आम्हीच लिहायची, तीही छान करून आणि फुकट! माझ्या तोंडात शिवी आली होती. नंदाताईंनी मात्र पिशवीतून पेन काढलं. पंधरा मिनिटांत एक पान लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. दोन लेखकांनी बावीस वेळा कसं लिहिलं, कातळावर उभं राहून कसं बोलणं केलं आणि चॅनेलने शेवटी काहीच कसं दिलं नाही, सगळं अगदी साध्या शब्दांत. खाली, 'वरील सर्व आम्हाला मान्य आहे.'

साळवींनी नाक शिंकरलं.

मिहीर पुढे सरकून बसला. डोळे बारीक केले. स्क्रिप्ट ऐकताना तो असाच बसायचा. "भाषा अप्रतिम आहे, ताई. पण यात चॅनेल फार निगेटिव्ह दिसतंय."

"मग काय करू?"

"शेवटाला त्याचं मन बदललं पाहिजे. आपल्याकडे निगेटिव्ह माणूस असाच सोडत नाहीत. लोक दुखावतात."

"म्हणजे मागच्या बावीसचेही पैसे देतो, असं?"

"करेक्ट! आणि लगेच देतो. पुढे-मागे नको, ग्राफ पडतो."

"पंधरा दिवसांत?"

"आठ करा. टाइट होईल."

नंदाताई खाली मान घालून लिहीत होत्या. साळवी काहीतरी बोलायला गेले, तर मिहीरनेच त्यांना हाताने गप्प केलं. "साळवी, फ्लो तोडू नका."

"आणि नावाचं?" नंदाताईंनी वर न बघता विचारलं.

"नाव तर हवंच, ताई! तीच तर पूर्ण गोष्टीतली इमोशन आहे. शेवटचं वाक्य त्याचंच ठेवा."

नंदाताईंनी शेवटचं वाक्य लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. मिहीरने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली, "लॉक!" म्हणाला आणि पास झालेल्या प्रत्येक स्क्रिप्टवर करायचा तशी झोकात खाली सही ठोकली. तारखेसकट.

मी कागद उचलला. नीट घडी घालून खिशात ठेवला.

सरबताचे दोन घोट घेतल्यावर मिहीरचा चेहरा हळूहळू बदलला. त्याने माझ्या खिशाकडे बघितलं, साळवींकडे बघितलं. साळवी आढ्याकडे बघत होते. "ताई," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "लीगलने विचारलं, हे कोणी लिहिलं, तर मी काय सांगू?"

नंदाताईंनी पेनाला टोपण लावलं. "लेखक कोण ते सांगायची तुमच्याकडे पद्धत कुठे आहे?"