पत्र्यावरचा पाऊस

पेणला माझं कॅसेटचं दुकान होतं. समोरच्या गणपती कारखान्यात एक कारागीर मूर्तींचे डोळे आखत असे. उन्हाळ्यात तो मला बासरी लावायला सांगे, थंडीत संतूर. श्रावणात म्हणे, "शेठ, आता बंद करा. पत्र्यावरच्या पावसावर माझा हात चालतो."

एका श्रावणात गिऱ्हाईक जमावं म्हणून मी ढोल-ताशा मोठ्याने लावला. त्याचा कुंचला घसरला.

कारखान्याचा मालक ओरडला, "म्हातारा झालास, हात कापतो तुझा!"

"हात नाय कापला. पाऊस ऐकू नाय आला."

सगळे हसले. मी गप्प राहिलो. त्याला काढून टाकलं.

काल, इतक्या वर्षांनी, मालकाला खरं सांगितलं. कारागिराचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. त्याचं गाव खांब नावाचं, एवढंच ठाऊक आहे. उद्या तिथे दारोदार विचारणार आहे, डोळे आखणारा कुठे राहतो.