कार्बनचा मोकळा हात
स्पिरिटचा वास आला की मला जुईनगरच्या माझ्या शिकवणीतली इथेनॉलची एक आकृती आठवते. कार्बनला चार हात असतात, एकही रिकामा ठेवायचा नाही, असं मी मुलांना सांगायचे. शिरवण्याच्या एका हुशार मुलीने एके दुपारी ती आकृती काढताना एका कार्बनचा चौथा हात मोकळाच सोडला. तिचे वडील रबाळ्याच्या कारखान्यात उंचावरून पडून चार दिवस बेशुद्ध होते. परीक्षा जवळ आली म्हणून आईने तिला बळेच पाठवलं होतं. "हायड्रोजन राहिला गं," मी म्हणाले. "राहिला नाय बाई. तो हात मी धरलाय. सोडला तर बाबा जातील." टेबलाखाली तिची डावी मूठ आवळून पांढरी पडली होती. "पुरे, मार्क जातील," म्हणत मी स्वतःच पेन्सिल टेकवली, तेवढ्यात माझा फोन वाजला. तिची आई होती. "बाई, हे शुद्धीवर आले. पयलंच बोलले, पोरीला सांग, आता सोड, मनगट दुखतंय." मी फोन ठेवून काही सांगायच्या आत मुलीने मूठ उघडली आणि हायड्रोजन लिहिला. मी त्या आकृतीला पूर्ण मार्क दिले. तिला काही विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.