नॉर्मल सांगितलेलं बाळंतपण

आमच्याकडे बाई बाळंत झाली की 'मोकळी झाली' म्हणतात. शब्द चांगला आहे. कशी झाली, कुठून झाली, किती वेळ लागला, यातलं काहीच त्यात येत नाही. माझ्या आईने हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून पहिला फोन लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मोकळी झाली हो. मुलगी आहे. दोघी सुखरूप." तिथे ती थांबली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण पलीकडून जो प्रश्न येतो तो आला, आणि आई म्हणाली, "हो हो, नॉर्मल!"

मी आत खाटेवर आडवी होते. कमरेतल्या इंजेक्शनमुळे पाय अजून माझे नव्हते आणि मान उचलायची नाही अशी ताकीद होती. पोटावर भलीमोठी पट्टी. कान तेवढे चालू होते. आईने त्या दिवशी सात-आठ फोन केले आणि प्रत्येकाला ती 'नॉर्मल' म्हणाली. शेवटच्या दोन-तीन फोनमध्ये तर पलीकडून विचारायच्या आधीच.

त्याचं कारण मला पुरेपूर माहीत होतं. नाशिक रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये बाळंतपणाच्या बाबतीत आईचा शब्द शेवटचा असतो. कोणाची सून राहिली, कोणाला कितवा लागला, कोणी काय खावं, सगळं तिला विचारून. आम्हां तिघा भावंडांच्या वेळी ती सकाळी धुणं धुऊन दुपारी बाळंत झाली, असं ती सांगते. तेवढ्यात बाबा पेपरात डोकं घालतात. माझ्या लग्नाआधी दोन मजले खालच्या घरातली सून पहिलटकरीण होती. माहेर तिचं देवळ्याकडचं, घरची कांद्याची शेती. तिचं सीझर झालं. तेव्हा खाली बाकावर बसून, पाच-सहा बायकांच्या देखत, आई म्हणाली होती, "कांद्याच्या रानात वाकून वाकून काम केलेली पोर, आणि हिला कळा झेपल्या नाहीत! आजकालच्यांना सगळं आयतं पाहिजे." सून तेव्हा दोन हात मागे, भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभी होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं आणि हसले होते, हेही सांगून टाकते.

पुढे माझी वेळ आली तेव्हा आईने कसली म्हणून कसर ठेवली नाही. सातवा लागल्यापासून उकिडवं बसून फरशी पुसायला लावली. संध्याकाळी जेल रोडला चालायला नेई आणि मी बसायला ओटा शोधला की म्हणे, "चाल, बाळ खाली सरकतं." नववा लागल्यावर रात्री दुधात तूप. ते तूप माझ्या अंगाला लागलं, बाळ काही सरकलं नाही. चौदा तास कळा काढल्या. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाने पोटात शी केलीय, ठोके कमी होतायत, आता थांबायचं नाही. आई म्हणाली, "अजून एक तास बघा ना." त्या बाई मूर्तीने लहान पण जिभेने तिखट. म्हणाल्या, "तो तास तुमच्यासाठी हवाय की मुलीसाठी?" नवऱ्याने सही केली. वीस मिनिटांत मुलगी रडली. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की नॉर्मल काय आणि सीझर काय, त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

घरी आल्यावर मात्र खोटं सांभाळायला लागलं, आणि ते बाळाइतकंच सांभाळावं लागतं. मालिशवाल्या बाईला आईने फक्त बाळापुरतं यायला सांगितलं. ती बाई रोज नऊ घरी जाते, म्हणजे बातमीही नऊ घरी जाते. माझं अंग आई स्वतः चोळायची, दार लावून. पाठ, पाय, खांदे. पोटाशी आली की तिचा हात थांबायचा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. त्या जखमेकडे तिने बारा दिवसांत एकदाही सरळ पाहिलं नाही. मला राग यायचा. चौदा तास कळा मी काढल्या होत्या, पोट माझं फाडलं होतं, मुलगी धडधाकट होती, आणि माझी आई कॅलेंडरवरची एकादशी बघत होती.

नवरा रजा संपवून पुण्याला जाताना एकदाच म्हणाला, "खोटं कशाला?" आई म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. त्यात काय सांगायचं तेही माहेरचंच." त्याने बॅग उचलली. सासूबाईंचा गुडघा नुकताच बदललेला, त्या येणार नव्हत्या. म्हणजे आईला रान मोकळं होतं.

पण सगळा दोष आईवर ढकलणं बरोबर नाही. बायका बघायला यायच्या, नारळ-ब्लाउजपीस ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पहिलटकरीण असून नॉर्मल! नशीब काढलंस बाई." मी मान डोलवायचे. तीन-चार दिवसांत मला ते आवडायलाही लागलं. न केलेल्या कामाची शाबासकी गोड लागते.

बाराव्या दिवशी बारसं. हॉलमध्ये पाळणा टांगला, झेंडूच्या माळा सोडल्या, पातेलंभर घुगऱ्या शिजवल्या. आईने मला काठापदराची साडी नेसवली आणि कानात सांगितलं, "खालीच बस, पाटावर. लोकांना दिसू दे, बाराव्या दिवशी कशी टुणटुणीत आहे." मी बसले. बसताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण बसले. बायका गोळा झाल्या. दोन मजले खालची ती सूनही आली होती, तिची तीन वर्षांची लेक कडेवर घेऊन. ती दाराजवळ भिंतीला टेकून बसली.

कोणीतरी पहिल्या मजल्यावरच्या आजींना नाव घ्यायचा आग्रह केला. आजी पंच्याऐंशीच्या. त्यांनी असा काही चावट उखाणा घेतला की सगळा हॉल फुटला. मलाही हसू आवरेना. आणि हसताच माझा हात आपोआप ओटीपोटावर गेला आणि तिथे घट्ट दाबून बसला. ज्यांचं पोट शिवलेलं असतं त्यांनाच हे कळेल. हसू, शिंक, खोकला, काहीही आलं की आधी हात तिथे जातो, नाहीतर टाके उसवतील असं वाटतं. सगळ्या आजींकडे बघत होत्या. मी मान वर केली तर दाराजवळून सून माझ्या हाताकडे बघत होती.

मग बाळ पाळण्याच्या वरून आणि खालून फिरवायची वेळ आली. एकीने अलीकडून द्यायचं, दुसरीने पलीकडे खाली वाकून घ्यायचं. आईने मलाच खुणावलं. मी पुढे सरकले, पण पाळण्याखाली वाकणं काही जमेना. तेवढ्यात सून लेकीला खाली सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. "तुम्ही बसा ताई, मी घेते खालून," म्हणाली, आणि तिने घेतलं. कोणाला काही वावगं वाटलं नाही. मुलीचं नाव ठेवलं गेलं, बायकांनी पाळणा म्हटला, आई खूश झाली.

निघताना घुगऱ्यांचा पुडा घ्यायला ती माझ्याजवळ वाकली आणि अगदी हळू विचारलं, "ताई, पोटाचे टाके लय ओढत्यात का?"

मी म्हणाले, "पोटाचे? नाही गं. माझं नॉर्मल झालं."

तिने पुडा उचलला. मग म्हणाली, "असं का? बरं झालं." आणि लेकीचा हात धरून गेली.

आई फोनवर सात-आठ वेळा खोटं बोलली त्याचा मला जेवढा राग आला नव्हता, तेवढा मला स्वतःचा आला. जिने माझ्यासाठी पाळण्याखाली हात घातला, नेमकं तिलाच मी सांगितलं होतं की मी तुझ्यासारखी नाही. लगेच खाली जाऊन खरं सांगावं असं वाटलं, पण सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. बाकीच्या कुठल्याच चालीरीतीचं मला काही वाटलं नाही. हिचा मात्र मी एकेक दिवस मोजला.

सव्वा महिना झाला त्या सकाळी आईने देवळात न्यायची तयारी केली. मी म्हटलं, आधी दोन मजले खाली जाऊन येते, तिला खरं सांगायचंय. आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "आता कशाला?" म्हणाली. "सगळं निभावलं ना!" मी चपला घालत होते. मग ती खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला मी जे बोलले, ते तुला कोणी बोललेलं मला सहन झालं नसतं गं." इतक्या दिवसांत आई पहिल्यांदा खरं बोलली होती. मला तिची दया आली, पण मी थांबले नाही.

सुनेने दार उघडलं. हाताला कणीक लागलेली. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. मी दारातच, पाठ केल्यासारखं सांगून टाकलं की माझं सीझर झालंय, बारशाला मी खोटं बोलले.

"मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली.

"मग तू सगळ्यांसमोर बोलली का नाहीस? माझी आई तुला काय काय बोलली होती."

"म्हणून तं नाय बोलले, ताई," ती म्हणाली. "म्हटलं, एवढ्या बायांत एक तरी सुटतीय त्या बोलण्यातून, तं सुटू दे."